खांबेटेकाकांचा घरजावई

खांबेटेकाका कॉम्प्युटरचा पडदा फूटपट्टीने मोजतात.

ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलंय. पडद्यावरचं एक छोटं चित्र डाव्या कडेपासून किती अंतरावर आहे, हे पंच्याहत्तरीचे गृहस्थ लाकडी पट्टी लावून, एक डोळा मिटून वाचतात आणि वहीत लिहून ठेवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा गेला कामातून. मग कळलं की त्यांनी जन्मभर वजनकाटे तपासण्याची नोकरी केलीय. अंदाज हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो.

काका जन्मापासून कोलकात्यातल्या बालीगंजचे. मराठी तुमच्याआमच्यासारखंच, फक्त वैतागले की तोंडातून ‘की मुश्किल!’ निघतं. मी साताऱ्याची. न्यू टाउनमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहते. एका रविवारी काकांनी मला वर पोहे खायला बोलावलं. मला वाटलं, प्रिंटर बिघडला असणार.

“मृदुला, आमच्या कॉम्प्युटरला स्थळं बघतोय,” काका म्हणाले. “तूही बैस. वधूपक्षाकडून चार माणसं दिसलेली बरी.”

प्रकरण असं होतं. काकांच्या कॉम्प्युटरवर लिनक्सची एक जुनी आवृत्ती होती आणि तिला यापुढे दुरुस्त्या मिळणार नव्हत्या. ऑपरेटिंग सिस्टिम बदलणं भाग होतं. विकतची घ्यायची नाही, हे आधीच ठरलेलं. “ज्याचं झाकण उघडून आत बघू देत नाहीत, तो काटा मी कधी पास केला नाही,” हे त्यांचं लाडकं वाक्य. पण उघड्या झाकणाच्या सिस्टिमही जगात ढिगाने आहेत. मग काकांनी आपली रीत काढली. सिस्टिम पेनड्राइव्हवर घ्यायची आणि डिस्कला हात न लावता तिथूनच चालवून बघायची.

“आज नुसता पोहे खायला आलाय. डिस्कवर बसवला की लग्न. आणि हा पडला घरजावई! उद्या पटलं नाही तर जाणार कुठे?”

दर रविवारी नऊला एक नवं स्थळ येई. एक फार देखणं होतं, खिडक्या उघडता-मिटताना गिरक्या घ्यायच्या. त्याचं नाव काकांनी झगमगराव ठेवलं. एकाला वायफाय दिसेचना, कारण त्या वायफायच्या सॉफ्टवेअरचं झाकण बंद होतं आणि तसल्याला शिवायचं नाही हे त्याचं तत्त्व. तो सोवळेशास्त्री. एकात रोज काहीतरी बदले, तो रोजनवेकर. आणि एकाने तर काळा पडदा दाखवून, बाकी सगळं तुम्हीच जमवा म्हणून सांगितलं. “हा शिधा घेऊन आलाय,” काका म्हणाले, “स्वयंपाक आपणच करायचा!”

काका स्वतःला इंटरचा विद्यार्थी म्हणवतात. “मॅट्रिक झालंय, बीए नाही. नवशिक्यांची सिस्टिम माझं बोट सोडत नाही आणि पंडितांची मला उचलून आपटते.” पण या इंटरच्या विद्यार्थ्यापुढे माझं तोंड उघडंच राही. मी या धंद्यात पगार घेते आणि काकांना ठाऊक होतं त्यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. एका सिस्टिमच्या कर्त्यांना त्यांनी फूटपट्टीची मापं पाठवून एक चूक दाखवली होती. परदेशातून आभाराचं पत्र आलं. ते त्यांनी छापून दिनदर्शिकेशेजारी टाचलं होतं.

दोन गोष्टी मात्र मला कोड्यात टाकत. प्रत्येक स्थळाला काका एकच प्रश्न विचारत, “पाच वर्षांनी हा असाच दिसेल का?” आणि पावणेअकरा वाजले की मला अक्षरशः हाकलत. “ऊठ. अकराला ऑफिस उघडतं.” कुणाचं ऑफिस, ते सांगत नसत. मी समजले, पूजाबिजा असेल. काकू तोवर आतल्या खोलीत असत. कधी बाहेर आल्याच तर गोड हसत, बोलत नसत.

निवांतराव नावाचं एक स्थळ काकांना पसंत होतं. रूप बेताचं, चाल संथ, पण वर्षानुवर्षं कूस न बदलणारं. तीन महिने झाले तरी काका बार काही उडवेनात. मला तर निवांतराव मुळीच पटला नव्हता.

मग एका रविवारी काका न्हाव्याकडे गेले होते आणि घर माझ्यावर सोपवलं होतं. मी ठरवलं, आपणच लग्न लावून टाकू. काकांच्या फायलींच्या तीन प्रती वेगळ्या ठेवलेल्या होत्या, त्यामुळे भीती नव्हती. अर्ध्या तासात मी जुनी सिस्टिम पुसून झगमगराव डिस्कवर बसवला. पडद्यावर निळी सरोवरं लकाकली. मी स्वतःवर खूश होते. घड्याळाकडे कुणी बघितलं होतं?

अकराला काकू बाहेर आल्या. इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ, चष्मा. मला उठायला लावून त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचा हात माउस घेऊन थेट एका जागी गेला. डावीकडून तिसरं चित्र. तिथे आता काहीच नव्हतं. हात परत फिरला, पुन्हा तिथेच गेला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“वाचनालय बंद केलं का हो?” त्या म्हणाल्या. “मला कुणी कळवलंसुद्धा नाही.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

काका दारातच उभे होते, मानेवर पावडर तशीच. ते रागावले नाहीत. “सुमन, आज तपासणी आहे. अर्ध्या तासात उघडतो,” एवढंच बोलले आणि काकूंना खिडकीपाशी खुर्ची दिली. मग खिशातून पेनड्राइव्ह काढला. निवांतराव रोज त्यांच्या खिशातच होता.

काम चालू असताना ते हळू आवाजात मला सांगत होते. आपल्या मराठी मंडळाचं वाचनालय काकूंनी अठ्ठावीस वर्षं चालवलं. ते बंद झालं. नंतर काकूंची आठवण जात गेली. “रोज विचारायची, मी रोज खरं सांगायचो. ती रोज नव्याने रडायची. मग मी वाचनालय इथे, या पडद्यावर उघडलं. माणसांची नावं जातात, मुली, पण हाताला जागा आठवते. ती जागा हलता कामा नये.”

“मग हा आधीच का नाही बसवलात?”

“धीर होत नव्हता. एक सेंटिमीटर चुकला तर?”

फूटपट्टी मीच धरली. कडेपासून साडेसहा सेंटिमीटर, तिसरं चित्र. पावणेबाराला काकू खुर्चीत बसल्या. हात गेला, चित्र सापडलं, पुस्तकांची यादी उघडली.

“पुढे या,” काकू म्हणाल्या.

मी कपाटातून हाताला येईल ते पुस्तक घेऊन पुढे झाले. त्यांनी नाव लिहून घेतलं आणि पानं दुमडू नका म्हणून बजावलं. मी वळले तर माझ्यामागे रांगेत काका उभे. हातात पुस्तक, विंचरलेले केस.

“नाव?” काकूंनी मान वर न करता विचारलं.

“दत्तात्रय विष्णू खांबेटे.”

त्यांनी एकेक अक्षर जपून टाइप केलं. मग चष्म्यावरून काकांकडे जरा निरखून पाहिलं.

“जुने सभासद दिसता.”

“हो,” काका म्हणाले, “बरीच वर्षं झाली.”