गनिमाचा माल

"कौशिकचे दगड ते दगड, आणि आमचे काय धोंडे?" दयानंद सावर्डेकरने स्टीअरिंगवर थाप मारली. "आज मंडळाला दाखवतोच, इतिहास म्हणजे काय असतो ते!"

दयानंद म्हणजे मस्कतच्या अल् खुवैरमध्ये वर्षानुवर्षं एसीत बसून गारठलेला मॅनेजर. एवढ्या काळात अरबी शिकला किती? तीन शब्द! यल्ला म्हणजे चल, खलास म्हणजे संपलं आणि इन्शाल्ला म्हणजे देवाची मर्जी. तिसरा फक्त काम टाळायला.

पुढच्या शुक्रवारी मराठी मंडळाचा अध्यक्ष निवडायचा होता, आणि त्या खुर्चीसाठी दयानंदचा जीव टांगणीला लागला होता. समोर उभा कौशिक. तो नुकताच तुर्कस्तानातलं इफेसस बघून आला होता. भूमध्य समुद्राकडच्या त्या प्राचीन व्यापारी शहराचे फोटो दाखवून त्याने अख्खं मंडळ छळलं. लोकांनी जांभया देत टाळ्या वाजवल्या. मंडळींना अक्कल नसते, पण मत असतं!

म्हणून दयानंद बायकोला घेऊन ओमानमधल्याच सूर शहराजवळच्या कल्हातला निघाला होता. तेही जुनं व्यापारी बंदर, तिथेही पडक्या भिंती.

"नावच बघ की! कलहात! शुद्ध मराठी! आपले कोकणचे व्यापारी इथे भांडत असणार!"

"मग एवढं पेट्रोल कशाला जाळलंत?" यशश्री म्हणाली. "आपण घरीच कलहात राहतो."

कल्हातला पोचले, तर अवशेषांच्या फाटकाला कुलूप! दुसरा कोणी गुपचूप परत फिरला असता. पण खुर्चीने झपाटलेल्या माणसाला कुलूपसुद्धा शुभशकुन वाटतो.

"कुंपणात असतात ते सरकारी अवशेष. अस्सल इतिहास बाहेरच सापडतो!"

आणि सापडला! पलीकडच्या उतारावर कमरेइतक्या उंचीची, दगडावर दगड रचलेली चौकोनी भिंत. असा गडगा गावी सावर्ड्याला प्रत्येक परसाला आहे. पण तोच परदेशात दिसला की आमच्या लोकांचा ऊर भरून येतो!

दयानंदने झब्बा सारखा केला, फोन यशश्रीच्या हातात कोंबला आणि मंडळाच्या पेजवर लाइव्ह सुरू झालं.

"मंडळी! ही दाभोळच्या व्यापाऱ्यांची वखार! काय तो मसाल्याचा दर्प! अजून टिकून आहे!"

दर्प खरंच टिकून होता. यशश्रीने नाकाला ओढणी लावली. "अहो, लेंड्या आहेत त्या."

"मिरी आहे गं! वाळलेली मिरी!" त्याने मूठभर उचलून कॅमेऱ्यापुढे धरली. "आणि हा पुरावा मंडळाच्या कपाटात राहील!" असं म्हणत दुसऱ्या हाताने भिंतीतला एक दगड उपसला.

धाडधाड! अर्धी भिंत त्याच्या चपलांवर आली.

तेवढ्यात एक पिकअप धुरळा उडवत येऊन थांबला. आतून पायघोळ अरबी दिशदाशा घातलेला म्हातारा काठी उगारत उतरला.

"हौश माल गनम! हौश माल गनम!"

दयानंदचा चेहरा उजळला. "ऐकलंत? माल! इथला माणूससुद्धा माल म्हणतोय! आणि गनम म्हणजे आपला गनीम! गनिमाच्या हाती माल लागू नये म्हणून हौसेने बांधलेली ही वखार!"

कॅमेऱ्यामागून यशश्रीचा आवाज थेट घराघरांत पोचला. "अहो, गनम म्हणजे बकऱ्या! दर शुक्रवारी मटणवाल्याकडे काय मागते मी? लहम गनम! आणि माल म्हणजे नुसतं चा, ची, चे! बकऱ्यांचा गोठा आहे हा! हातातली मिरी टाका आधी!"

पिकअपमधून गनीम एका सुरात ओरडले, "बेंऽऽऽ!"

म्हाताऱ्याने काठीने आधी पडलेले दगड दाखवले, मग दयानंद. भाषेची अडचण आली नाही.

भर उन्हात, झब्ब्याच्या बाह्या सारून, भावी अध्यक्ष गडगा रचायला बसले. दोनचार दगड लावून त्यांनी आशेने विचारलं, "खलास?"

"यल्ला!" म्हातारा गरजला.

"इन्शाल्ला," दयानंद पुटपुटला. तीनही शब्द कामी आले!

"फोन बंद कर गं!" तो कळवळला.

"मला कुठे येतो बंद करता?" यशश्री म्हणाली आणि जरा जवळ सरकली. घामाचे थेंब नीट दिसत नव्हते.

शुक्रवारी कौशिक अध्यक्ष झाला. पण मंडळाने दयानंदलाही रिकामं ठेवलं नाही. वार्षिक सहलीचं मटण आणायचं काम एकमताने त्याच्याकडे दिलं.

मिरी मात्र ज्याने त्याने घरून आणायची ठरली.