चौसष्ट चोक तक्रारी

माणसाच्या तक्रारींना अंत नसतो, म्हणून त्यांना मर्यादा असावी. मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या आमच्या सोसायटीने ती घालून घेतली आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो.

तक्रारींचे ॲप बी विंगच्या निकेतने फुकट बनवले (म्हणून त्याला कोणी काही विचारत नाही). क्रमांकाचा रकाना जितका लहान, तितके ॲप चपळ, असे त्याने समितीला समजावले. मोठ्या रकान्यात चारशे कोटींहून जास्त क्रमांक मावतात. सर्वांत लहानात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. सेक्रेटरी नीलिमाताईंनी बोटांवर हिशेब केला. चौसष्ट फ्लॅट, प्रत्येकी चार तक्रारी, चौसष्ट चोक दोनशे छप्पन्न. अगदी मापात बसले. शून्य क्रमांक मात्र अध्यक्षांसाठी राखीव ठेवला.

ॲप खरोखर चपळ आहे. तक्रार डोळ्याचे पाते लवायच्या आत नोंदली जाते. तिचे निवारण हा वेगळा विषय आहे.

मग दुर्गाकाकूंच्या बेडरूमला वरच्या बाथरूमची गळती लागली. त्या छताखाली त्यांची नात आरोही झोपते. काकूंची तक्रार दोनशे छप्पन्नावी निघाली आणि ॲपने तत्परतेने कळवले, 'नोंद शक्य नाही.'

"निकेत, अरे प्लास्टर पडायला आलंय. पोर खाली झोपते रे."

"कळतंय काकू, पण रकाना फुल झालाय. मोठा करायला जनरल बॉडीचा ठराव लागतो. तोपर्यंत कोणाला तरी तक्रार मागे घ्यायला सांगा ना."

काकू दारोदार फिरल्या. कबुतरांविरुद्ध अकरा तक्रारी नोंदवलेले रोशनभाई (चारांवरच्या सात कोणाच्या वाट्याच्या, हे विचारू नये) हळहळले. "आंटी, नंबर बड़ी मुश्किल से मिला है."

मंगळवारी सकाळी प्लास्टर पलंगावर कोसळले. आरोही दहाच मिनिटांपूर्वी शाळेला निघाली होती. काकू उशीवरचा चुरा उचलत बराच वेळ रडल्या. नोंद मात्र लगेच झाली. अपघातांचा रकाना निकेतने घाईत मोठाच ठेवला होता; त्यात अजून भरपूर जागा आहे.

तुम्हाला हसू येत असेल. लहान रकान्याच्या ठरावाखाली चौसष्ट सह्या आहेत, काकूंची आणि माझीही. सभेला बसले होते नऊजण. आम्ही बाकीच्यांनी सही केली, समोसा घेतला आणि घरी गेलो. तुमच्याकडे समोसा देतात की वडा?