अण्णांच्या नावाचा अर्थ

अण्णांचा निरोपसमारंभ चार वाजता होता आणि भाषण दुय्यम कारकुनाच्या गळ्यात पडलं होतं. अण्णा म्हणजे ऑफिसचे हेडक्लार्क. ते निवृत्त झाले की खिडकीजवळची ती खुर्ची आपली, हे स्वप्न हा गृहस्थ अकरा वर्षं उराशी बाळगून होता. बायकोने तर बढतीची बातमी माहेरी कळवूनही टाकली होती. तेव्हा भाषण रंगायलाच हवं होतं.

पण अण्णांबद्दल बोलायचं काय? ते वेळेवर येत, वेळेवर जात आणि मधल्या वेळात इतरांच्या चुकांभोवती लाल पेनाने गोल काढत. शेवटी कारकुनाने त्यांच्या पाळण्यातल्या नावालाच हात घातला. नाव घरोघरी सापडणारं. ऑफिसचा ड्रायव्हरही त्याच नावाचा. अर्थ शोधायला सवड नव्हती, म्हणून त्याने दिला ठोकून!

"हे नाव फार प्राचीन आहे बरं का! याचा अर्थ, काही झालं तरी आपली जागा न सोडणारा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णांना गहिवरून आलं. ते उठले आणि थेट मॅनेजरसाहेबांकडे वळले.

"साहेब, तुम्ही मुदतवाढ देत होता, मीच नको म्हणालो. चुकलं माझं. वडिलांनी एवढा विचार करून नाव ठेवलं, आणि मी निघालो की हो!"

"थांबताय? वा, उत्तम! अर्ज लिहून द्या, लगेच सही करतो."

मागून ड्रायव्हर ओरडला, "मग माझी पण बदली रद्द करा, साहेब! नाव तेच आहे!"

तीही रद्द झाली. कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. तो कोपऱ्यावरच्या ग्रंथालयात धावला आणि नावांचा कोश घेऊन धापा टाकत परतला. अण्णा पुष्पगुच्छ बाजूला सारून अर्ज लिहीत होते.

"अण्णा, मघाशी मी थाप मारली हो! हे बघा, खरा अर्थ मेंढपाळ! म्हणजे सतत हिंडणारा, एका जागी न बसणारा. तुम्ही खुशाल जा!"

अण्णांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली. मग ऑफिसभर नजर फिरवली. बाराही टेबलांवरची माणसं खाली मान घालून समारंभाची बिस्किटं खात होती.

"अरेरे," अण्णा हळहळले, "आणि यांना कुणाच्या भरवशावर टाकून निघालो होतो मी?"

त्यांनी अर्जातलं 'एक वर्ष' खोडून 'तीन वर्षं' केलं आणि मायेने म्हणाले, "जा बाबा, तू पण जागेवर जाऊन बस बघू."