चौसष्ट संस्थांचा होकार

रेनाटाने चौसष्ट नावांची यादी टेबलावर ठेवली, तेव्हा मार्लिसबाईंच्या हातातली कॉफी टेबलक्लॉथवर सांडली.

"चौसष्ट?"

"चौसष्ट! तुम्ही दोन वर्षांत नऊ जमवल्यात. मी पाच आठवड्यांत चौसष्ट!"

मार्लिस टोलफसन म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त ग्रंथपाल. परवडणाऱ्या घरांसाठी अमेरिकेतल्या अख्ख्या मिनेसोटा राज्यातल्या संस्थांची आघाडी उभारायची, हा त्यांनी घेतलेला वसा. त्याला कारण जोलीन. ती वृद्धाश्रमात काम करायची, आणि बाईंच्या आईची शेवटची तीन वर्षं तिथे हिनेच सेवा केली होती. भाडं परवडेना म्हणून ही जोलीन दोन मुलं घेऊन दोन हिवाळे बाईंच्या शिवणाच्या खोलीत राहत होती. शिवणाचं मशीन बाथरूममध्ये गेलं होतं. "मार्चपर्यंत काही आशा दिसली तर थांबते, नाहीतर फार्गोला बहिणीकडे जाते," असं जोलीनने सांगून टाकलं होतं.

गृहनिर्माण समितीचे प्रमुख सिनेटर हाउगलँड यांची अट एकच होती. राज्यभरातल्या साठ संस्था एका खोलीत बसलेल्या दाखवा, मग विधेयकाच्या सुनावणीचा विचार करू. म्हणून संस्था जमवायला वर्गणी काढून रेनाटाला कामावर घेतलं. ती न्यू जर्सीची. तिकडे माणसं नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणतात, वर गाडीचा भोंगाही वाजवतात.

बाईंनी चष्मा लावला. "विनोना गावचं महिला मंडळ? त्या हो म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'कल्पना छान आहे हो!'"

"आणि बेमिजीची पतसंस्था?"

"'विचार करण्यासारखं आहे खरं.'"

बाईंचं बोट पुढे सरकलं आणि थबकलं. "घरमालक संघ? व्हर्न स्ट्रोमक्विस्ट? अगं, भाडं वाढवणारे तेच!"

"किती गोड माणूस! 'तुमचं काम काहीतरी वेगळंच आहे' म्हणाले. दोनदा लिंबाच्या वड्या खायला घातल्या."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "रेनाटा, हे सगळे नाही म्हणालेत गं."

"नाही? एकही माणूस नाही म्हणाला नाही!"

"तेच तर! इथे कुणी म्हणतच नाही. 'छान आहे' म्हणजे नाही. 'बघू या' म्हणजे नाही. 'वेगळंच आहे' म्हणजे पुन्हा येऊ नका."

"मग हो म्हणायचं असेल तर काय म्हणता तुम्ही लोक?"

बाईंनी जरा आठवून पाहिलं. "'काही हरकत नसावी.' फार आनंद झाला असेल तर."

रेनाटाचा चेहरा उतरला. "पण मी यादी वर्तमानपत्राला दिली. सिनेटरना पाठवली. शनिवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांची सभाही लावली, सिनेटरही येणार आहेत."

आता एकच मार्ग होता. प्रत्येकाला फोन करून चूक कबूल करायची, माफी मागायची. बाईंनी विनोनाला फोन लावला. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! 'तुमचं नाव चुकून आलं' म्हणायचं म्हणजे 'तुम्ही आम्हाला नकार दिला होता' हे तोंडावर सांगायचं. असला उद्धटपणा बाईंच्या सात पिढ्यांत कुणी केला नव्हता. बारा मिनिटं बर्फाविषयी बोलून त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" रेनाटाने विचारलं.

"म्हणाल्या, शनिवारी जेवायला काय आणू?"

दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी व्हर्नचा फोन आपणहून आला.

"मार्लिस, पेपरात आमच्या संघाचं नाव पाहिलं."

"हो. आलंय खरं."

"हं."

बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"शनिवारी बर्फ पडेल म्हणतात," व्हर्न म्हणाले.

"म्हणतात खरं."

"मग... बटाट्याचं हॉटडिश आणू का?"

शनिवारी बर्फ पडलाच. तरी चौसष्टच्या चौसष्ट संस्था आल्या, सोबत एक्केचाळीस हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या पदार्थाची भांडी. जो तो शेजाऱ्याच्या कानात सांगत होता, "आम्ही तसं ठरवलं नव्हतं, पण बाकीचे सगळेच आहेत, तर आपणच मोडता कशाला घाला?" आणि आले म्हटल्यावर ऐकणं भाग होतं. जोलीन कामावरच्या कपड्यांतच उभी राहिली. मुलगा शिवणाच्या टेबलाखाली झोपतो, आणि परवा पाहुण्यांना 'ही माझी खोली' म्हणून तो टेबलाखालची जागाच दाखवत होता, एवढंच तिने सांगितलं. लोक हसले, मग आपापल्या ताटांकडे पाहू लागले. व्हर्न बराच वेळ ताटातला काटा फिरवत राहिले.

"माझी आई आहे त्या आश्रमात," ते शेवटी म्हणाले. "ही गेली तर तिला अंघोळ कोण घालणार?" आणि विधेयकाच्या पाठिंब्यावर सही करायला त्यांनी पेन मागितलं. चौसष्टांतली ती पहिली खरी सही.

मग सिनेटर हाउगलँड उठले. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, हॉटडिशांकडे पाहिलं, घसा साफ केला. "छान. फारच वेगळं काम उभं केलंत. सुनावणीचं बघू या आपण."

सगळे इथलेच, सगळ्यांना कळलं. जोलीनने मान खाली घातली. मार्लिसबाईंना रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात रेनाटा ताडकन उठली. "धन्यवाद, सिनेटर! मंगळवारी सकाळी दहा वाजता सुनावणी. लिहून घेतलं!" आणि तिने असा काही टाळ्यांचा कडकडाट सुरू केला, की तिला एकटं पाडणं बरं दिसेना म्हणून चौसष्ट संस्था टाळ्या वाजवू लागल्या. वर्तमानपत्राच्या माणसाने फोटोही काढला.

सिनेटरनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एवढ्या माणसांसमोर आता सरळ 'नाही' म्हणावं लागणार होतं, आणि बासष्ट वर्षांत तो शब्द त्यांनी कुणाच्या तोंडावर उच्चारला नव्हता.

"काही... हरकत नसावी," ते म्हणाले.

भांडी आवरताना मार्लिसबाईंनी रेनाटाला कोपऱ्यात गाठलं. "अगं, ते नाही म्हणाले होते. तुला अजून कळत नाही का?"

"कळतं की," रेनाटा वडी तोंडात टाकत म्हणाली. "म्हणून तर घाई केली."

जोलीन ओले हात पुसत जवळ आली. "मार्लिस, फार्गोचं लांबणीवर टाकते मी. तुमचं मशीन आणखी काही दिवस बाथरूममध्ये राहिलं तर चालेल?"

बाईंच्या ओठांवर सवयीने 'बघू या' आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ म्हणाल्या, "हो."