खालून कापलेली बातमी

पुंजाराम म्हस्के वारल्याची बातमी सगळ्यात शेवटी कुणाला कळली असेल, तर ती पुंजाराम म्हस्क्यांना. बुधवारी दुपारी विद्यापीठातला तास आटोपून ते पुंडलिकनगरात रिक्षातून उतरले, तर घरासमोर दोन जीपा, भिंतीला टेकवलेले बांबू आणि अंगणात बसलेली तीसेक माणसं. घरात मुलगा आणि सून, दोघंच. चपला काढायचंही भान न राहता ते फाटकातून आत घुसले.

"सत्यमला काय झालं रं?"

"सत्यमला काय व्हायचंय!" बायकांच्या घोळक्यातून थोरली बहीण लक्ष्मीबाई ओरडली. गंगापूरपासून रडत आल्यामुळं तिचा आवाज पार बसला होता. "तू गेलास ना रं भाऊ!"

एवढं बोलून तिनं मान वर केली आणि समोर कोण उभं आहे ते पाहिलं. मग तिचा बसलेला आवाज असा काही उठला की शेजारची दोन घरं गच्चीवर आली. "जित्ता हायेस? मंग फोन का नाय उचलला, मुडद्या?"

"तासाला मॅडम फोन टोपलीत ठेवाया लावतात, अक्का."

"साठी उलटली अन् फोन टोपलीत ठेवतो म्हणं!" अक्कानं कपाळावर हात मारला. "सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाय माझ्या."

माणसं सुखावली होती यात शंका नाही, पण जरा खट्टूही झाली होती. एवढ्या लांबून, हातातली कामं टाकून, हार घेऊन यायचं आणि मेलेल्या माणसानं रिक्षातून उतरायचं, याला काही रीत आहे की नाही? सत्यम शेंद्र्याच्या कारखान्यातून पाळी सोडून आला होता आणि घाटी दवाखान्यात वडिलांना शोधून नुकताच परतला होता. तो बापाच्या गळ्यात पडला, लहान पोरासारखा रडला आणि मग त्यानं मोबाईल पुढं केला. "हे काय आहे, बाबा?"

पुंजारामांनी चष्मा लावला. प्रवेशअर्जावरचा त्यांचाच फोटो, घाबरलेल्या चेहऱ्याचा. वर ठळक अक्षरांत: 'पुंजाराम म्हस्के यांचे निधन'. खाली मजकूर त्यांचा स्वतःचा, शब्दन् शब्द ओळखीचा. 'पुंजाराम म्हस्के हे गंगापूर बसस्थानकात एकतीस वर्षे वाहतूक नियंत्रक होते. लासूर, वैजापूर, कायगाव, नेवासा या गावांची नावे त्यांच्याच तोंडून ऐकत दोन पिढ्या गाडीत चढल्या.' आणि तिथंच बातमी संपली होती.

आता ही भानगड समजायची तर वर्षभर मागं जायला हवं. पुंजारामांची बायको मागल्या साली गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी खेळ खलास. पेपरात बातमी आली ती तीन ओळींची: 'पुंजाराम म्हस्के यांना पत्नीशोक'. गेली कोण, तिचं नाव काय, याचा पत्ता नाही. पुंजारामांचं डोकं सणकलं. ते पेपरच्या कचेरीत जाऊन भांडले. तिथला तरुण शांतपणे म्हणाला, "काका, अशीच पद्धत आहे. तुम्हाला काही वेगळं लिहायचं असेल तर लिहायला शिका ना." तो आपला सहज बोलून गेला. पुंजारामांनी ते मनावर घेतलं. विद्यापीठात 'माध्यम आणि लेखन' नावाचा एक आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम निघाला होता, त्याला वयाची अट नव्हती. आंतरविद्याशाखीय म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण ज्यात कुणीही चढू शकतं अशी साधी गाडी असणार, एवढं त्यांना समजलं आणि ते चढले.

तिथं मंजुषा मॅडमनी पहिल्याच महिन्यात उलटा पिरॅमिड शिकवला. बातमीत सगळ्यात महत्त्वाचं वर लिहायचं आणि कमी महत्त्वाचं खाली, म्हणजे जागा कमी पडली तर डोळे मिटून खालून कापता येतं. दुसरी ताकीद अशी, की बातमीत 'मी' लिहायचं नाही. मग मॅडमनी घरातल्या गेलेल्या माणसाची मृत्युवार्ता लिहून आणायला सांगितली. त्यातल्या चांगल्या असतील त्या विभागाच्या सरावाच्या अंकात छापून येणार होत्या. पुंजारामांनी आठ दिवस खपून चार पानं लिहिली, पेटीत टाकली आणि सगळ्या गणगोताला सांगून ठेवलं, "बुधवारी माझं छापून येनारय, बघा." अंक कागदाआधी मोबाईलवर निघायचा; पुंजाराम कागदाची वाट बघत तासाला गेले आणि गणगोतानं मोबाईलवर बघितलं. एसटीच्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर तर सकाळी नऊच्या आत एकशे चार जणांनी हात जोडले होते.

एवढ्यात फाटकापाशी स्कूटी थांबली. वरच्या वर्गातले सदफ आणि धम्मपाल, दोघंही अंकाचे संपादक, बांबू बघून तिथंच थिजले. काका चालते-बोलते दिसल्यावर धम्मपाल मटकन पायरीवर बसला.

"आरं पोरा, मला मारलंस कशापायी?" पुंजाराम गरजले.

"काका, चौदाशे शब्द होते हो. जागा होती शंभर शब्दांची आणि छपाईला अर्धा तास." धम्मपालला घाम फुटला होता. "वरचा परिच्छेद ठेवला, बाकी खालून कापलं. मॅडमनी शिकवलंय तसंच. तुम्ही दोन दिवस आला नव्हता. वर तुमचंच नाव, तुम्ही 'होते', म्हणून..."

"दोन दिवस मी वर्षश्राद्धाला गेल्तो! बातमी तिची हाय, माझी नाय. एकदा पेपरवाल्यानं तिचं नाव खाल्लं, आता तुमी खाल्लं. शिकलेल्या मानसांना बाईचं नाव छापाया काय जड जातं रं?"

"काका, गुस्सा मत करो," सदफ हळूच म्हणाली. "पुढच्या अंकात आम्ही पहिल्या पानावर खुलासा देतोय. तेच विचारायला आले. काकूंचं नाव काय?"

"चार पानं वाचली नाय का तू?"

"चूक कळल्यावर दोनदा वाचली. त्यात नाव नाहीये, काका."

"नाय कसं? सगळं तिच्यावरच तर हाय."

सदफनं पिशवीतून मूळ कागद काढून त्यांच्या हातात दिले. पुंजाराम वाचू लागले. सत्यमची आई. सत्यमची आई. घरची मंडळी. ती. सत्यमची आई. बोट ओळीवरून सरकत होतं, पान उलटत होतं. पहिल्या पानावर ते स्वतः, दुसऱ्यावर बसस्थानक, आणि ती आली होती तिसऱ्या पानावर, डबा घेऊन. नाव कुठंच नव्हतं.

"पेपरला दिलेली चिठ्ठीसुद्धा तुम्हीच लिहिली होती, बाबा," सत्यम जमिनीकडं बघत बोलला. "त्यात पण नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला तसंच पाहिजे असेल."

पुंजाराम खुर्चीत बसले. वर्षभर ज्याच्या नावानं बोटं मोडली, तो माणूस आपणच निघालो, हे त्यांना बहिणीसमोर, सुनेसमोर, तीस माणसांसमोर कळत होतं, आणि तोंड लपवायला जागा नव्हती. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा नाव घेतलं होतं, तेही लाजत. त्यानंतर एकेचाळीस वर्षं 'अगं' आणि 'ऐकलं का'.

"शेवटी तुम्ही फार छान लिहिलंय," सदफ म्हणाली. तिनं काकांच्या हातून कागद घेतला आणि तीच वाचू लागली. "'डबा द्यायला आली की ती बाकावर बसून पुकारा ऐकत असे. एकदा म्हणाली, एवढ्या गावांची नावं घेता, एक डाव माझं बी घ्या की. नियंत्रकांनी हसून विचारले, तू काय एसटी हायेस व्हय?'"

कुणी हसलं नाही. लक्ष्मीबाईनं पदर तोंडाला लावला. भावासाठी सकाळपासून गळा काढून रडलेली ती बाई आता भावजयीसाठी बिनआवाजाची रडायला लागली.

पुंजाराम उठले. घसा खाकरला. मग एकतीस वर्षं स्थानकाच्या कर्ण्यातून ऐकू आलेला तोच आवाज अंगणात उमटला, सावकाश, एकेक अक्षर सुटं.

"सरूबाई म्हस्के." थोडं थांबून ते पुन्हा म्हणाले, "सरूबाई म्हस्के. लिव्हून घे, पोरी."

सदफनं लिहून घेतलं. फुलवाला परत घेणार नव्हताच, म्हणून आणलेला हार आत सरूबाईच्या फोटोला घातला. सुनेनं मोठ्या पातेल्यात चहा टाकला. सदफ निघाली तशी पुंजारामांनी तिला फाटकाशी गाठलं.

"जागा कमी पडली तर?"

"तर खालून कापू, काका."

"मंग तिचं नाव सगळ्यात वर ठेव. माझं पार खाली."

पुढच्या बुधवारी अंक आला आणि सकाळीच सदफचा घाबराघुबरा फोन. "काका, सॉरी! धम्मपालनं परत कापलं. 'पुंजाराम म्हस्के हयात आहेत' ही शेवटची ओळच उडाली!"

पुंजारामांनी चष्मा लावून पान डोळ्यांजवळ धरलं. पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, 'सरूबाई म्हस्के यांचे निधन'. खाली डबा, बाक आणि पुकारा.

"उडू दे, पोरी," ते म्हणाले. "नाव नीट आलंय."