नऊ गाड्या आणि एक शिलाई मशीन

शिलाई मशीन रविवारी येणार हे ठरलं, त्याच दिवशी पाणीपट्टीच्या ऑफिसातल्या आमच्या कारकुनाने आपल्या रिमोटच्या गाड्या ऑनलाइन विकायचं ठरवलं. निर्णय सर्वस्वी त्याचा. (बायकोने फक्त छोट्या खोलीतलं टेबल टेपने मोजलं होतं.) अकरा वर्षं त्या टेबलावर नऊ गाड्या उभ्या होत्या, आणि अकरा वर्षं बायको म्हणत होती की एक टेबल मिळालं तर ती घरीच शिवणकाम सुरू करेल. आता तर एका गायनवर्गातल्या मुलींचे बारा झगे तिने शिवायला घेऊनही ठेवले होते.

जाहिरात त्याने ऑफिसातल्या टिपणीसारखी लिहिली. "पिवळा ट्रक. वापरलेला. उजवीकडे वळताना कुरकुरतो. भिंतीला दोनदा धडकला आहे. दोन्ही वेळा चूक माझी." तरीही फोन आले. पण फोन करणारे त्याच्या प्रश्नांपुढे टिकले नाहीत.

"घरात फरशी आहे की गालिचा? गालिच्याचे धागे चाकात जातात. आणि चार्जिंगला लावून विसरणाऱ्यांपैकी नाही ना तुम्ही?"

पलीकडचा माणूस फोन ठेवून द्यायचा.

"अहो," बायको म्हणाली, "गाड्या विकताय की मुलगी देताय?"

"चौकशी नको करायला?"

"करा. रविवारपर्यंत करा."

शनिवारी संध्याकाळी दातांची एक डॉक्टर आली. तिच्या दवाखान्यात लोक घाबरून बसतात, त्यांचं मन रमावं म्हणून तिला गाड्या हव्या होत्या. फरशी गुळगुळीत, हात दिवसातून वीस वेळा धुतलेले. नाकारायला जागाच नव्हती. त्याने प्रत्येक गाडीत चार्ज केलेले सेल घातले (परक्या घरी उपाशी कशाला जायचं), आणि त्या गडबडीत पिवळ्या ट्रकचा स्विच चालूच राहिला. पुढचं त्याला बघवेना. बायको गाड्या खोक्यात भरू लागली तसा तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. ट्रकचा रिमोट त्याच्या हातातच राहिला. राहिला म्हणजे, त्याने ठेवला.

खाली डॉक्टर खोकं उचलून फाटकाकडे निघाली. शेवटचं एकदा, म्हणून त्याने कळ जराशी पुढे ढकलली. खोकं थरथरलं. ट्रकने ओळख दिली असं वाटून त्याने कळ पूर्ण दाबली.

दोन मिनिटांत डॉक्टर वर आली. रोज लोकांचे दात उपटणारी बाई, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

"यात काहीतरी जिवंत आहे."

"छे हो," तो म्हणाला. दोन्ही हात पाठीमागे.

"अहो, हात पुढे करा," बायको म्हणाली.

हात पुढे आले. डॉक्टर रिमोटकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "काका, मन होत नसेल तर राहू द्या."

बायकोने रिकाम्या टेबलावरून हात फिरवला. "खरंच राहू द्या. मशीन मी स्वयंपाकघरात ठेवीन. ओट्याशेजारी मावेल."

मावणार नव्हतं. हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. एरवी त्याने अशी संधी सोडली नसती, पण तिचा आवाज इतका समजूतदार होता की त्याला स्वतःची लाज वाटली. अकरा वर्षं आपण खेळण्यांना पार्किंग दिलं आणि हिला ताटकळत ठेवलं. त्याने रिमोट डॉक्टरच्या हातात दिला.

"सेलचं झाकण सैल आहे," तो म्हणाला. "चिकटपट्टी लावा."

रविवारी मशीन आलं, टेबलावर बसलं, आणि बायकोने कपाटातून लाल जीप बाहेर काढली. खोक्यात तिने आठच गाड्या भरल्या होत्या, डॉक्टरला तसं सांगूनही ठेवलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्यासाठी ठेवलीस?"

"हो. आणि माझ्या गुडघ्यांसाठी." तिने जीपच्या पोटाला लोहचुंबक चिकटवला. "टाचण्या सांडतात खाली. वाकवत नाही आता."

तेव्हापासून कुणी माप द्यायला आलं, की खोलीचं दार लोटलेलं आणि कारकून बाहेर स्टुलावर, हातात रिमोट. जीप फटीतून आत जाते, टेबलाखाली फिरते, टाचण्या घेऊन परत येते. इतकं जबाबदारीचं काम ऑफिसात त्याला कुणी दिलं नाही (हे तो ऑफिसात सांगतोही). परवा आत एक बाई माप देत होती, तेव्हा जीप आली ती सतरा टाचण्या आणि टपावर एक चिठ्ठी घेऊन. बायकोचं अक्षर ओळखून त्याचं मन भरून आलं. त्याने चष्मा पुसला आणि चिठ्ठी उघडली.

"चहा. दोन कप."

घरात माणसं तीन होती.