दोन पट्ट्यांचा जबडा

मुंबई-आग्रा रस्त्यावर उड्डाणपूल झाला नव्हता, तेव्हाची ही हकीकत. आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहणारे डॉक्टर सोनवणे समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहता जबड्याकडे पाहून बोलत. प्रथम परिचयात नाव-गाव विचारण्यापूर्वीच "दात आवळा बघू," अशी आज्ञा त्यांनी मला केली. नाशिकच्या कोर्टाबाहेर अर्जलेखन करणाऱ्या, प्रसंगी वकिलांनाही कलमे सुचवणाऱ्या माझ्यासारख्या इसमाने ती निमूटपणे पाळली, यावरून त्यांच्या अधिकाराची कल्पना यावी.

ते दातांच्या कॉलेजात शिकवीत. मोडलेले जबडे धातूच्या पट्टीने व स्क्रूंनी सांधणे हा त्यांचा व्यवसाय. कोणती पट्टी अधिक भार सोसते हे तपासणे, हे त्यांचे व्यसन. रविवारी खाटकाकडून बोकडांचे जबडे येत. डॉक्टर ते करवतीने कापत, एकाला एक पट्टी, दुसऱ्याला दोन पट्ट्या ठोकत, लोखंडी पकडीत आवळत आणि दातांना तराजूची वजने टांगत. मग जिन्यापर्यंत आरोळी येई, "फट पडली! एका पट्टीला फट पडली!"

शाकाहारी शेजाऱ्यांच्या वतीने 'मृत पशूंच्या मुखावयवांपासून होणाऱ्या उपद्रवाबाबत' असा अर्ज मी सिद्ध केला आणि वर जाऊन वाचून दाखवला. डॉक्टरांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"भाषा मजबूत आहे, भाऊसाहेब. आता हे वजन जरा धरा."

वजन धरूनच मी विचारले, "बोकडाने असे चावायचे तरी काय असते?"

"चावण्याला एक पट्टी पुरते. मी चावण्याचं बघतच नाहीये."

मग त्यांनी कमळाबाईची गोष्ट सांगितली. पेठ तालुक्याकडची ही बाई नवऱ्यासह शहरात बांधकामावर मजुरीला होती. जबडा डाव्या कोपऱ्यात मोडून आली. डॉक्टरांनी एक पट्टी बसवली. हाड जुळण्याआधीच ती पट्टी वाकवून परत आली. दोन्ही वेळा तिचे उत्तर एकच: "पडले."

"पडणाऱ्याची बहुतेक हनुवटी फुटते," डॉक्टर म्हणाले. "डावा कोपरा मोडतो तो उजव्या हाताच्या ठोशानं. पण ती 'पडले' म्हणते, तोवर पोलीस काय लिहिणार? जाणार ती परत त्याच खोलीत. म्हणून मी पट्टीच पक्की करतो."

या खेपेस त्यांनी दोन पट्ट्या बसवल्या. हाड जुळले. डॉक्टरांनी इमारतभर पेढे वाटले. बोकडांच्या खोलीतले म्हणून कोणी ते तोंडात घातले नाहीत.

दिवाळीनंतर एका दुपारी कमळाबाई पत्ता विचारीत त्यांच्या दारात आली. मी वरच होतो. तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. डॉक्टरांनी आधी तिचा जबडाच चाचपला.

"फट नाही!" ते हर्षाने म्हणाले.

"जबडा नाय हालला, डाक्टर. म्हनून हात पिरगाळला त्यानं."

डॉक्टरांची बोटे जबड्यावरून प्लॅस्टरवर गेली. मी कागद पुढे ओढला आणि रिवाजाप्रमाणे विचारले, "बाई, पडलात काय?"

"नाय पडले. मारलं त्यानं. तसंच लिवा. पोलिसात मीच नेऊन देते."

मी 'मारहाण' हा शब्द लिहीत असता डॉक्टर आत गेले. स्वतःसाठी झाकून ठेवलेली एकुलती भाकरी त्यांनी दुधात कुस्करून आणली आणि घास तिच्या तोंडाशी धरला.

तिचा डावा हात मोकळा होता. तरीही तिने तोंड उघडले.